टेरेनशेठ

शीळफाट्याच्या आसपास कुणी नवी गाडी घेतली की पेढा आधी मुंब्रादेवीला आणि मग टेरेनशेठला. देवी काही विचारत नाही. शेठ पेढा हातात धरून विचारतो, "टेरेन कोणतं?"

गाडीचा रंग, मायलेज, हप्ता, सासऱ्यांनी किती घातले, यातलं त्याला काही नको असतं. पलावातल्या एका बाईंनी मुलीला कॉलेजला जायला स्कूटर घ्यायची म्हणून सहज विषय काढला. शेठने डोळे मिटले, घर ते कॉलेज मनातल्या मनात जाऊन आला आणि म्हणाला, "काटई नाक्यापर्यंत काँक्रीट, आत वळलात की पेव्हर ब्लॉक, पावसाळ्यात पाइपलाइनच्या कडेला गाळ. दहा इंची चाक घेऊ नका ताई, बारा इंची घ्या." बाईंनी बारा इंची घेतलं आणि अजून त्याला दुवा देतात. शेठच्या बाबतीत हीच पंचाईत आहे. त्याचं म्हणणं बरोबर निघतं. चुकत असता तर टपरीवरच्या मंडळींनी त्याला केव्हाच गप्प बसवलं असतं.

खरं नाव सातबाऱ्यावर आहे, पण तिथे ते चुलत भावंडांच्या गर्दीत शोधावं लागतं. पांढरा लिननचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत, गळ्यात साखळी आणि जिथे इतरांच्या खिशाला पेन असतं तिथे याच्या खिशाला टायरची हवा मोजायचं मीटर.

अभ्यासू गिऱ्हाईक नावाची जी जमात आहे, तिचा हा अस्सल नमुना. एखादी वस्तू घ्यायचं मनात येतं, नीट पारखून घ्यावी म्हणून हा माणूस माहिती काढायला बसतो आणि मग माहितीतच बिऱ्हाड थाटतो. कुणाचा कॅमेरा असतो, कुणाची दुर्बीण, कुणाची गच्चीवरची सोलर. डोंबिवलीत तर अशांची वाणच नाही. तिथे पाणी शुद्ध करायच्या मशीनवर वर्षानुवर्षं विचार करून शेवटी पाणी उकळून पिणारे लोक आहेत. शेठने स्वतःसाठी निवडलेला विषय मात्र जरा महागाचा निघाला. स्पोर्ट क्वाड बाईक. चार फुगीर चाकं, मोटरसायकलचं हँडल, वर छप्पर नाही, बाजूला दार नाही आणि घरातल्या एकाही माणसाला पटेल असं एकही कारण नाही.

वेड लागलं नागावला. अलिबागच्या सहलीत सगळे जण किनाऱ्यावरच्या भाड्याच्या एटीव्हीवर बसतात, फोटो काढतात, एक राउंड मारतात आणि भज्यांकडे वळतात. शेठ वळला नाही. भरतीच्या रेषेच्या खाली, ओल्या वाळूवर, गाडी डांबरावर पळावी तशी पळाली. तीच गाडी वरच्या कोरड्या वाळूत नेली तर मागची चाकं जागच्या जागी खड्डा करू लागली. गाडी तीच, माणूस तोच, वाळूही त्याच समुद्राची. फरक फक्त ओलीचा. शेठने गाडीवाल्या पोराला याचं कारण विचारलं. पोरगा म्हणाला, "शेठ, राउंड संपला."

दुसरा कुणी हे विसरून गेला असता. शेठला विसरता आलं नाही, कारण जमीन हा त्याच्या पोटापाण्याचा विषय आहे. धंदा मटेरियल सप्लायचा: खडी, रेती, विटा, मुरूम, डबर, भरणी. फाट्याच्या आसपास दर दुसरा माणूस याच धंद्यात असतो आणि पहिला त्याच्याकडून येणं वसूल करायला निघालेला असतो. पण शेठसारखा हात कुणाचा नाही. हायवा मागचा फाळका उघडून उभा राहिला की शेठ पुढे होतो, ढिगाच्या वरचा नाही, पोटातला मूठभर मुरूम काढतो, बाटलीतलं पाणी त्यावर शिंपडतो आणि मूठ आवळतो. मूठ उघडली की तळहातावर गोळा. मग अंगठ्याने तो गोळा हळू दाबतो. फुटताना त्याची भुकटी होते की ढेकळं पडतात, यावर ड्रायव्हरचा पुढचा दिवस ठरतो. "वरच्या थरातला हाय हा. माती जास्त. रोलर फिरवलास तरी पावसात फुगणार." हायवा परत. ड्रायव्हर शिव्या देतो, पण तोंडातल्या तोंडात, कारण खाणीत फोन गेला की तिथला माणूसही म्हणतो, शेठ बोलला म्हणजे तसंच असणार.

तर अशा माणसाला एक दिवस कळलं की जगात एक गाडी आहे जी जमीन बघून घ्यावी लागते. मग तो कसला थांबतोय.

इतिहास त्याला तोंडपाठ आहे. होंडाने १९७० साली तीन फुग्या चाकांची गाडी अमेरिकेत विकायला काढली, १९८२ मध्ये सुझुकीने चौथं चाक लावलं आणि १९८८ मध्ये तिथे तीनचाकीची विक्री बंद झाली, कारण ती फार उलटायची. यावर शेठचा शेरा: "तीन चाकं वळणावर पलटी होतात हे समजायला त्यांना अठरा वर्षं लागली. आमच्या डायघरच्या रिक्षावाल्याला पहिल्या फेरीला समजतं."

खरी रंगत येते ती स्पोर्ट क्वाड म्हणजे काय आणि काय नाही हे तो समजावू लागला की. पुलाखालच्या टपरीवर संध्याकाळी सातला हा तास भरतो. समोर मुंब्रा-पनवेल रस्ता, महापेचा रस्ता आणि थोडं पुढे कल्याणचा रस्ता एकमेकांच्या अंगावर आलेले असतात. जेएनपीटीचे कंटेनर इंजिन बंद करून उभे असतात, त्यामुळे श्रोत्यांना वेळ भरपूर. शेठ खिशातून पाण्याच्या बाटलीची दोन बुचं काढतो. बुचांना मधोमध भोक, त्यातून आरपार एक स्ट्रॉ, दोन्ही टोकांना फेविक्विक. ही त्याची मागची ॲक्सल. चहाच्या कट्ट्यावर ती ढकलली की सरळ जाते. "आता वळव," तो समोरच्याला सांगतो. वळत नाही. वळवायला गेलं की एक बूच फरफटतं.

"मोटारीला डिफरन्शियल असतं," शेठ सांगतो. "वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. हिला ते नाय. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट. मग वळायचं तर एक चाक घसरलंच पाहिजे. सुट्या मुरमात घसरतं, मजा येते. काँक्रीटवर ते धरून ठेवतं, मग गाडी एक तर सरळ जाते नाय तर उचलते. म्हणून कंपनीच सांगते, पक्क्या रस्त्यावर हिला आणू नका." मग नखाने एक बूच किंचित उचलून तो स्ट्रॉ फिरवतो आणि ॲक्सल झकास वळते. "हे नख म्हणजे चालवणारा. वळताना उठायचं, आतल्या बाजूला अंग टाकायचं. बसून वळणारा बसूनच पडतो."

याच्यानंतर सीटचा मुद्दा येतो. तो शेठने शंभर वेळा सांगितला असेल, तरी कुणाला पटत नाही. स्पोर्ट क्वाडची सीट लांब असते. शीळफाट्यावर लांब सीट दिसली की माणसाच्या डोळ्यांपुढे आपोआप तिघं जण येतात: पुढे पोरगं, मध्ये आपण, मागे बायको आणि बायकोच्या मांडीवर हळदीला न्यायची साडीची पिशवी. शेठ कळकळीने सांगतो की ही सीट एकट्याची आहे. चढावर पुढे सरकायला, उतारावर मागे सरकायला, वळणावर कुशीला जायला ती लांब केलेली असते. मागे माणूस बसला की तुम्हाला हलता येत नाही आणि हलता आलं नाही की गाडी तुम्हाला हलवते. मोठी इंजिनं सोळा वर्षांच्या आतल्या पोराच्या हातात द्यायची नाहीत हेही तो सांगतो. हे ऐकून शेठचा पुतण्या दर वेळी उठून जातो.

आता निवड. इथे शेठ खरा खुलतो आणि ऐकणारा खरा थकतो.

त्याचं म्हणणं असं की स्पोर्ट क्वाड ही एक गाडी नाही, तीन आहेत. पहिली ट्रॅकवरची: यामाहाची वायएफझेड ४५० आर. रुंद, बुटकी, उडी मारून चारही चाकांवर उतरण्यासाठी केलेली. रुंदी ४९ इंच. दुसरी मोकळ्या माळाची आणि वाळूच्या टेकड्यांची: यामाहाचीच रॅप्टर ७००, एकाच सिलिंडरचं ६८६ सीसीचं इंजिन, खालून ओढ जबरदस्त, म्हणून वाळूत दम लागत नाही. मागे वल्ह्यासारखे पट्टे असलेले टायर लावले की वाळू मागे फेकत ती पुढे जाते. तिसरी पायवाटेची: सुझुकीच्या क्वाडस्पोर्ट झेड ४०० च्या जातीची, शहाणी, सोसणारी, झाडांमधून निघणारी. सुझुकीने मध्यंतरी ती भारतात विकायलाही ठेवली होती. तेव्हा शेठ अजून नागावला गेलेला नव्हता, हे दुःख तो बोलून दाखवत नाही पण तारखा मात्र बरोबर सांगतो.

तिन्हींना चेन, तिन्हींना क्लच, ताकद फक्त मागच्या चाकांना. आणि तिन्हींचा दुबळा भाग एकच. मागच्या ॲक्सलला खाली लोंबणारं चेनचं चाक आणि ब्रेकची तबकडी. सस्पेन्शन नऊ-दहा इंच खाली-वर होतं म्हणून लोक भुलतात, पण ॲक्सल त्याच्याबरोबर उचलली जात नाही, तिच्याखाली जेमतेम चार-साडेचार इंच मोकळे राहतात. "म्हणजे फाट्यावरच्या स्पीडब्रेकरला घासणार," टपरीवाला म्हणाला. तो गेली कित्येक वर्षं हे ऐकतोय. त्याला आता परीक्षेला बसवलं तरी चालेल.

यातली कोणती घ्यायची? सोपं आहे, शेठ म्हणतो, टेरेन बघायचं. आणि इथे त्याचा घोळ सुरू होतो, कारण शीळफाट्याला टेरेन एक नाही. पूर्वेला भातखाचरं. दिव्याकडे खाजण, तिवरं आणि खाडीचा काळा गाळ. पश्चिमेला पारसिकचा डोंगर, त्याच्या अंगावर सुटे दगड आणि वनखात्याचे बोर्ड. मध्ये भरणी केलेले प्लॉट, गोदामांची आवारं, राडारोड्याचे ढीग. आणि या सगळ्याला शिवणारा, कधीच एकसारखा नसलेला कल्याण-शीळ रस्ता. अमेरिकेतल्या माणसाला वाळवंट हवं तर तो वाळवंटात जातो. आमच्या शेठला एका सिग्नलच्या आत पाच देश लागतात.

भातशेतीचा त्याने आधी विचार केला. खाचरांतून जायचं तर बांधावरून जायचं. एका रविवारी तो टेप घेऊन बांध मोजत हिंडला. बांध फूट-सव्वा फूट. रॅप्टर ४६ इंच. म्हणजे दोन चाकं बांधावर आणि दोन आवणीत. शिवाय आवणीत उतरलेली मागच्या चाकांची गाडी गाळ खणत खणत ॲक्सलपर्यंत बसते आणि काढायला ट्रॅक्टर लागतो. ट्रॅक्टर तर विकला. शेठच्या आईने एवढंच ऐकलं. "बैल इकले, ट्रॅक्टर इकला, न आता चार चाकांची फटफटी? तिना नांगर तरी लागतो का?" म्हातारीला उडवून लावायची सोय नव्हती, कारण नांगर लागणारीसुद्धा मिळते. पोलारिस ही अमेरिकन कंपनी २०११ मध्ये भारतात आली. तिने आपली स्पोर्ट्समन ५७० चक्क ट्रॅक्टर म्हणून नोंदणी होईल अशी आणली, आठ लाखांच्या घरात. इतर क्वाड गाड्यांना आरटीओ नंबर देत नाही, त्या खासगी जागेतच चालवायच्या. ही एक रस्त्यावर येऊ शकते. पण नावात स्पोर्ट्स असलं तरी ती कामाची गाडी. चारही चाकांना ताकद, ऑटोमॅटिक, मागे-पुढे सामानाचे रॅक. शेठला ती दाखवली तेव्हा त्याने कुणी खानावळीच्या डब्याला सुगरणीचं जेवण म्हणावं तसं तोंड केलं. "चिखलाला हीच बरोबर हाय," हे मात्र त्याने प्रामाणिकपणे मान्य केलं. शास्त्राशी बेइमानी तो करत नाही.

वहिनींनी विचारलं, "हिच्यावरून खिडकाळीच्या देवळात जाता येईल?" जाता येईल, ट्रॅक्टर म्हणून. वहिनी म्हणाल्या, "मग माझी सखीच बरी." सखी म्हणजे त्यांची इलेक्ट्रिक स्कूटर. तिचं टेरेन कुणी विचारलेलं नाही आणि ती रोज कुठेही जाते.

खाडीचं टेरेन बाद झालं कायद्याने, कारण तिवरांत गाडी घालणं म्हणजे गुन्हा. डोंगर बाद झाला वनखात्याने. उरले भरणीचे प्लॉट. आणि अशाच एका प्लॉटवर शेठने आयुष्यात पहिल्यांदा खरी स्पोर्ट क्वाड चालवली. तो प्रसंग मी पाहिलेला आहे.

कुणा फार्महाऊसवाल्याची जुनी झेड ४०० विकायची होती. ती टेम्पोतून आली, दोऱ्यांनी बांधलेली, अंगावर ताडपत्री. टेम्पोभोवती क्षणात तीसेक माणसं जमली. शीळफाट्यावर माणसं जमायला कारण लागतच नाही, इथे तर होतं. खाली उतरवल्यावर शेठने सगळ्यात आधी टायर दाबून पाहिला आणि म्हणाला, हवा कमी आहे. पंक्चरवाला तत्परतेने पुढे झाला, नळी लावली आणि रोजच्या सवयीने पस्तीसचा आकडा गाठायला निघाला. टायर टम्म फुगला, गाडी एका बाजूने उचलली गेली, तेव्हा शेठ ओरडला, "चार! चार पौंड!" पंक्चरवाल्याला वाटलं चार वेळा. या गाड्यांच्या टायरला चार-पाच पौंडच हवा लागते, टायर पसरला पाहिजे, दगडाला अंग देऊन गेला पाहिजे. पण पंक्चरवाल्याच्या मीटरवर आकडेच दहापासून सुरू होत होते. "शेठ, चार पौंडाला आमच्यात पंक्चर बोलतात." मग शेठने खिशातलं ते मीटर काढलं. इतकी वर्षं खिशाला वागवलेलं, शून्य ते दहा पौंडांचं, खास कमी हवेचं. त्याने एकेक चाक बसून मोजलं, हवा सोडली, पुन्हा मोजलं. मीटरची चेष्टा करणारे सगळे हजर होते. कुणी काही बोललं नाही.

मग हेल्मेट, गॉगल, गुडघ्याला पॅड. पुतण्या मागे बसायला धावला, त्याला हाकललं. शेठने क्लच दाबला, पायाने गिअर टाकला आणि प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला गेला. पहिल्या वळणावर तो बसून राहिला आणि गाडी सरळ कुंपणाच्या तारेकडे निघाली. जमाव ओरडला. दुसऱ्या वळणावर मात्र पोटाचा घेर असलेला तो माणूस सीटवरून उठला, आतल्या बाजूला लवला, मागची चाकं मुरमावर सुटली, लाल धुरळ्याचा एक अर्धगोल उठला आणि गाडी वळली. तिसऱ्या वळणावर त्याला आपण काय करतोय हे समजलं होतं. नंतर बराच वेळ तो थांबलाच नाही. परत आला तेव्हा भुवया लाल झाल्या होत्या. मला वाटलं आता चेकबुक निघणार.

शेठ खाली उतरला, चाकांनी उकरलेल्या जागी उकिडवा बसला, मूठभर मुरूम उचलून दाबला आणि म्हणाला, "हा आपलाच माल." तो प्लॉट त्यानेच भरला होता. मुरूम कोणत्या खाणीचा, कोणत्या पावसाळ्याआधी पडला, रोलर किती फिरला, सगळं सांगितलं. मग गाडीवाल्याला म्हणाला, "गाडी चांगली हाय. हिला असंच टेरेन लागतं. पण हे टेरेन पुढच्या महिन्यात नाय. इथं पायलिंग चालू होतंय."

इथे शेठचं दुखणं आहे आणि त्यावर कोणत्याही कंपनीकडे मॉडेल नाही. आधी त्याने भातशेतीसाठी गाडी शोधली, तोवर खाचरात मुरूम पडला. मुरमासाठी झेड ४०० ठरवली, तोवर मुरमावर पत्र्याचं कुंपण आलं. कुंपणाबाहेरच्या कच्च्या रस्त्याचा विचार केला तर तिथे मेट्रो १२ चे बॅरिकेड. बुलेट ट्रेनचा बीकेसीहून निघालेला २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातला ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून येणारा, शीळफाट्यालाच वर निघतो. म्हणजे ताशी ३२० किलोमीटरने जाणारी गाडी आमच्याकडे येऊन पहिल्यांदा उजेड बघणार आणि आम्ही तिच्या आवाजात सिग्नलला उभे. एवढी सगळी जमीन हलवायला मटेरियल कुणाचं? बरंचसं शेठचंच. हायवा रिकामा झाला की त्याच्या खात्यात पैसे येतात आणि नकाशातून एक टेरेन कमी होतं. यात विरोधाभास आहे हे त्याला कळत नाही असं समजू नका. एकदा टपरीवाल्याने तोंडावर विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "मी नाय टाकला तर दुसरा टाकणार. आणि तो मातीवाला टाकणार." मला हे उत्तर पटलं नाही, पण खोडताही आलं नाही.

नियतीने आणखी एक चिमटा काढला. डाकार रॅलीत २००९ पासून क्वाडचा स्वतंत्र गट होता आणि तिथे रॅप्टर ७०० ची सद्दी होती. दक्षिण अमेरिकेतले आणि फ्रान्समधले विजेते शेठ नावानिशी सांगायचा, जसे इकडचे लोक बैलगाडा शर्यतीतली बैलजोडी सांगतात. २०२५ च्या डाकारमधून क्वाडचा गटच काढून टाकला. शेठ दोन दिवस टपरीवर आला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "काही शर्यतीच्या क्वाडना रिव्हर्स गिअर नसतो. पण रिव्हर्स आपल्याला कुठं लागतोय? फाट्यावर अडकलेला माणूस आजवर मागे गेलाय?"

मध्यंतरी असं झालं, की एका बिल्डरच्या ऑफिसातून शेठला बोलावणं आलं. मोठा गृहप्रकल्प, टेनिस कोर्ट झालेलं, तलाव झालेला, आता ब्रोशरमध्ये 'ऑफ-रोड ॲडव्हेंचर ट्रॅक' छापायचा होता. मुलांसाठी छोट्या क्वाड, वेगाला लगाम लावलेल्या. आर्किटेक्ट तरुण होता, टायवाला. त्याने नकाशा उलगडला आणि म्हणाला, इथे आम्हाला वेगवेगळी टेरेन्स हवीत: एक सँड, एक रॉक, एक मड.

शेठने नकाशा स्वतःकडे वळवला. इतकी वर्षं त्याने जमिनीवरून गाडी ठरवायचा प्रयत्न केला होता, आता गाडीवरून जमीन ठरवायची होती. त्याने खिशातून ती दोन बुचं काढून नकाशावर ठेवली आणि तासभर बोलला. वाळूचा थर किती जाड हवा, त्याच्याखाली पाणी जायला खडी कोणती, उडीच्या पलीकडचा उतार सपाट ठेवलात तर पोरांचे मणके जातील, दगड गोटे घ्या, खाणीचे धारदार नकोत, वळणावर सुटा मुरूम तीन इंच, त्याखाली घट्ट. आर्किटेक्टने टाय सैल केला आणि लिहून घ्यायला सुरुवात केली. सगळं ब्रासमध्ये मोजून झालं. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. सँडचे इतके ब्रास, रॉकचे इतके, मुरमाचे इतके.

"आणि मड?" आर्किटेक्टने विचारलं.

शेठने नकाशावरचा कोपरा पाहिला. ते त्यांचंच खाचर. वडिलांच्या वेळेपर्यंत तिथे भात होता. नंतर विकलं, आणि भरणीचं कंत्राट शेठनेच घेतलं होतं.

"चिखल बाहेरून आणायचा तर ब्रासवर लागेल," तो म्हणाला. "पण कनाला आणता? सहा फूट खाली हायच तो. आमच्या आजोबांनी कमावलेला, एक नंबर, गुडघाभर."

"म्हणजे तो फ्री पडेल?"

"चिखलाचे पैसे नाय घेत साहेब," शेठ मीटरच्या टोकाने हिशेब करत म्हणाला. "वरचा मुरूम काढायचे पोकलेनचे तास लावीन. आणि निघालेला मुरूम मी परत घेईन, निम्म्या रेटने. जुना झालाय तो."